समुद्र नसलेल्या गावातल्या होड्या

तळेगावहून चाकणला जाणारा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या पायाखालचा आहे, चाकाखालचा म्हणा हवं तर. इंदोरी मागे पडतं, भंडारा डोंगर दिसत राहतो आणि पुढे कंटेनर, मोटारींचे सुटे भाग नेणारे ट्रक आणि कामगारांच्या बसगाड्या यांची रांग लागते. याच रस्त्याच्या आसऱ्यानं सुदुंबरे गाव वसलं आहे. वारकऱ्यांना हे गाव ठाऊक आहे ते संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीसाठी. संताजी मूळचे चाकणचे, घाण्यावर तेल काढणारे, आणि तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी तरल्या, ही कथा आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असते. बुडालेलं वर काढणं या गोष्टीशी या परिसराचा असा जुना संबंध आहे.

या सुदुंबऱ्यात आज आणखी एक गोष्ट आहे. तिथे रबरी होड्या आहेत. त्यांची इंजिनं आहेत, लाइफ जॅकेटं आहेत, दोरखंड आहेत, पाणबुडे आहेत आणि हे सगळं चालवणारे नारिंगी गणवेशातले जवान आहेत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे आपण ज्याला एनडीआरएफ म्हणतो त्या दलाची पाचवी बटालियन इथे असते. महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांत कुठेही पूर आला, दरड कोसळली, इमारत पडली, तर हाक इथे येते. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. गावाजवळून वाहते ती सुधा नदी, आणि उन्हाळ्यात तिचं पाणी घोट्याएवढंही नसतं. अशा जागी होड्यांचं ठाणं कशाला, असं कुणाला वाटलं तर त्यात नवल नाही. आज त्याच ठाण्याची गोष्ट सांगायची आहे.

होड्यांचं ठाणं म्हटलं की इंग्लंडमधली समुद्रकाठची गावं डोळ्यांपुढे येतात. तिथे १८२४ साली सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकारानं वादळात सापडलेल्यांना वाचवणारी एक संस्था सुरू झाली, ती आजही चालू आहे आणि मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते. किनाऱ्यावरच्या गावात एक होडीघर, त्यात एक मजबूत नाव, आणि ती वल्हवणारे गावचेच मच्छीमार, लोहार, दुकानदार. इशारा झाला की हातातलं काम टाकून धावायचं.

अशाच एका गावची, डेव्हन परगण्यातल्या लिनमथची हकीकत मला फार आवडते. १२ जानेवारी १८९९ची संध्याकाळ. ‘फॉरेस्ट हॉल’ नावाचं जहाज वादळात सापडल्याची तार आली. पण लिनमथच्या धक्क्यावर लाटाच अशा येत होत्या की नाव पाण्यात लोटता येईना. नावेचा तांडेल म्हणाला, इथून नाही तर पोरलॉकहून लोटू. पोरलॉक तेरा मैलांवर, मध्ये आपल्या एखाद्या घाटासारखी खडी चढण. गावातली शंभरेक माणसं आणि अठरा-वीस घोडे जमले, नाव गाड्यावर चढवली आणि रात्रभर पावसावाऱ्यात ती डोंगरावरून ओढत नेली. रस्ता अरुंद झाला तिथे नाव उतरवून लाकडी ओंडक्यांवरून सरकवली. पोरलॉकजवळ एका म्हातारीच्या घराची भिंत आडवी आली, ती पाडली. एवढ्या रात्री काय चाललंय म्हणून ती बाहेर आली आणि नाव बघून स्वतःच त्यांच्याबरोबर चालू लागली, असं सांगतात. सकाळी नाव समुद्रात गेली. जहाजावरची सगळी माणसं वाचली. घोडे मात्र काही दगावले.

या हकीकतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नाव पाण्याच्या काठी असली तरी संकट नेमकं तिथेच येईल असं नाही. नाव संकटाकडे न्यावी लागते. लिनमथकरांनी ती घोड्यांनी नेली. सुदुंबऱ्याची नाव ट्रकमधून जाते.

आपल्याकडे पूर्वी काय होतं? सरकारी ठाणी नव्हती, पण पाण्यातून माणूस काढणारी माणसं होती. नदीकाठच्या गावात भोई होते, कोळी होते. वाळलेल्या भोपळ्यांची किंवा ओंडक्यांची सांगड असे. ‘सांगड घालणे’ हा शब्दप्रयोग आपण आता भाषणांत आणि अहवालांत वापरतो, पण मूळची सांगड म्हणजे एकत्र बांधून केलेलं, पाण्यावर तरंगणारं साधन. कृष्णा-पंचगंगेच्या काठी गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडत. ज्या काहिलीत हिवाळ्यात उसाचा रस उकळायचा, तिच्यातच पावसाळ्यात बाळंतीण पलीकडे न्यायची. काहील गोल असल्यामुळे ती भिंगरीसारखी फिरते, तिला धड नाक नाही की शेपूट नाही. पण पट्टीचा पोहणारा तिच्या काठाला धरून ती बरोबर पलीकडे लावतो.

समुद्राकडेही तीच तऱ्हा. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. मुंबईला बातमी कळायला कित्येक तास गेले. तोवर पाण्यातली माणसं उचलली ती मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांनी. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं, त्यांच्या होड्यांवर कुठल्या संस्थेचं नाव नव्हतं. रेवसच्या किनाऱ्याचं ठाणं म्हणाल तर ते तेवढंच होतं.

पुण्याची आठवण निघाली की १२ जुलै १९६१ टाळता येत नाही. पानशेतचं धरण खचायला लागलं तेव्हा रात्रभर वाळूच्या पोत्यांनी ते सावरून धरणारे लष्कराचे जवान होते. त्यांनी मिळवून दिलेल्या तासांमुळे फुटीचा लोंढा शहरात रात्री न येता दिवसा आला, आणि त्यानं किती जीव वाचले त्याचा हिशेब करणं अवघड आहे. पण एक घडी बसून गेली. मोठं संकट आलं की लष्कराला बोलवायचं, आणि मदतीचं वाटप महसूल खात्यानं करायचं. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हाही ढिगारे उपसायला जवान, पोलिस आणि घरून फावडी घेऊन आलेली माणसंच होती. ढिगाऱ्याखालच्या माणसाचा आवाज ऐकणारी यंत्रं, वास काढणारी कुत्री, काँक्रीट कापणारी अवजारं घेऊन येणारं, त्याच कामासाठी शिकवलेलं दल देशात नव्हतं.

ते दल उभं राहायला आणखी चार तडाखे बसावे लागले. १९९९चं ओडिशाचं महाचक्रीवादळ, २००१चा भूज, २००४च्या डिसेंबरमधली त्सुनामी, आणि २६ जुलै २००५ची मुंबई, जिथे सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि २००६ साली आठ बटालियनचं राष्ट्रीय दल अस्तित्वात आलं. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलिस दल, औद्योगिक सुरक्षा दल आणि भारत-तिबेट सीमा पोलिस यांच्याकडून प्रत्येकी दोन बटालियन घेतल्या. पुण्याच्या वाट्याला आलेली पाचवी ही राखीव पोलिस दलाची. तळेगावला या दलाचं मोठं केंद्र आधीपासून होतंच. पहिली दोन वर्षं या जवानांच्या वाट्याला बंदोबस्ताचंही काम येई. २००८ साली नियम झाले आणि हे दल फक्त आपत्तीसाठी राखीव झालं. एका बटालियनमध्ये अकराशेहून अधिक माणसं आणि अठरा पथकं. पथकात अभियंता, वीजतंत्री, वैद्यकीय मदतनीस, श्वानपथक असं सगळं बरोबर असतं, म्हणजे गेलेल्या ठिकाणी कुणाकडे काही मागावं लागू नये.

त्याच २००८च्या ऑगस्टमध्ये बिहारमध्ये कोसी नदीनं पात्र सोडलं. या दलाच्या शंभराहून जास्त रबरी बोटी तिकडे गेल्या आणि सुमारे एक लाख माणसं पाण्याबाहेर काढली गेली. ट्रकवर घालून नेलेली होडी काय करू शकते हे देशाला तिथे पहिल्यांदा कळलं.

ही होडी मुद्दाम बघण्यासारखी असते. हवा काढली की तिची घडी होते, म्हणून तर ती घाटातून नेता येते. हवा भरलेले तिचे कप्पे वेगवेगळे असतात, एक फाटला तरी बाकीचे तिला तरंगत ठेवतात. मागे उचलून लावायचं इंजिन. समुद्रातल्या नावेला खडकाची भीती, हिला भीती कशाची? काटेरी कुंपणाची. पाण्याखाली गेलेल्या उसाच्या फडाची, जो पंख्यात गुंततो. विजेच्या तारांची, ज्या एरवी डोक्यावर असतात आणि पुरात डोक्याला लागतात. पत्र्याच्या छपराच्या कोपऱ्याची. बुडणाऱ्या माणसाकडे शक्यतो प्रवाहाच्या खालच्या अंगानं, नाक प्रवाहाकडे ठेवून जायचं. होडी आडवी झाली की पाणी तिला उलटवतं. आणि बसवताना सगळ्यांना एका बाजूला येऊ द्यायचं नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड. कारण तीन दिवस माळ्यावर काढलेली माणसं होडी दिसली की धीर धरत नाहीत.

होड्यांचं ठाणं म्हणतोय खरं, पण सुदुंबऱ्याच्या जवानांची मोठी परीक्षा पाहिली ती चिखलानं. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला रस्ता दिसला, गाव दिसलं नाही. त्यानं परत जाऊन सांगितलं तेव्हा जगाला कळलं. पथकं निघाली, पण पाऊस आणि रस्त्यावरचा चिखल यांनी वेळ खाल्लाच. दीडशेहून अधिक माणसं त्या ढिगाऱ्याखाली गेली. मात्र एक तान्हं मूल आणि त्याची आई जिवंत निघाली. पुढे २०२१ साली तळिये आणि २०२३ साली इर्शाळवाडी. इर्शाळवाडीला तर गाडीरस्ताच नव्हता, रात्री पावसात डोंगर चढून जावं लागलं. यंत्रं खालीच राहिली आणि काम कुदळ-फावड्यानं झालं. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत आणि अखेर शोध थांबवावा लागला.

पाण्यातली कामगिरी म्हटली तर २ ऑगस्ट २०१६ची रात्र सांगावी लागेल. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं गेली. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाला गाड्यांचे मागचे दिवे अंधारात अचानक नाहीसे होताना दिसले. त्यानं रस्त्यावर येऊन पुढच्या गाड्या थांबवल्या. त्या रात्रीचा खरा जीवरक्षक तोच, असं माझं मत आहे. दलाच्या बोटी पोहोचल्या तोवर वाचवण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. उरलं होतं ते शोधण्याचं काम. नौदलाचे पाणबुडे, वजनदार लोहचुंबक, गढूळ पाणी, भरती-ओहोटी आणि सावित्रीतल्या मगरी. गाडीचा सांगाडा हाती लागायला आठवड्याहून अधिक काळ गेला. ज्यांची माणसं त्या गाडीत होती ते काठावर बसून होते. त्यांना माणूस परत मिळाला नाही, पण देह मिळाला. अशा कामाची दखल कुणी घेत नाही, पण घरच्यांना त्याचं मोल कळतं.

आणि आता ब्रह्मनाळ. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेनं सत्तावन्न फुटांची खूण ओलांडली. शहरं बेटं झाली. एनडीआरएफ होतं, लष्कर होतं, नौदल होतं. पण गावं शेकडो आणि बोटी मोजक्या. कृष्णा आणि येरळेच्या संगमावरच्या ब्रह्मनाळला पाणी चढत गेलं. ८ ऑगस्टला गावकऱ्यांनी आपल्याच होडीतून माणसं हलवायला घेतली. यात चूक कुणाची म्हणायची? घरात पाणी शिरलेलं, लेकरं भिजलेली आणि समोर होडी. तीसच्या आसपास माणसं चढली. पुरेशी लाइफ जॅकेटं नव्हती. होडी उलटली आणि सतरा जणांचा जीव गेला, त्यात बायका आणि मुलं जास्त.

मला ब्रह्मनाळ हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा दिवस वाटतो. काहिलीच्या काळात होडी गावची होती आणि ती चालवणाराही गावचा होता. भोयाला पाणी कळत होतं, काहिलीत किती बसवायचे हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. पूल झाले, रस्ते झाले, भोयाचं काम संपलं. त्याची जागा घेणारं ज्ञान सुदुंबऱ्याच्या कुंपणाआड जमा झालं, आणि गावात उरली ती नुसती होडी. सुदुंबऱ्याहून सांगली कोरड्या रस्त्यानं पाच-सहा तासांवर आहे, पुरात तर विचारूच नका. म्हणजे पहिले पाच-सहा तास गावाचे स्वतःचे असतात. हे ओळखून आता पावसाळा सुरू होतानाच पथकं कोल्हापूर, सांगली, रायगड, रत्नागिरीकडे आधीच पाठवून ठेवतात. ‘आपदा मित्र’ नावाची योजनाही आहे, गावोगावच्या तरुणांना शिकवण्याची. तिचं काम बरंच बाकी आहे.

गावातल्या माणसांचं महत्त्व दाखवणारा दुसरा प्रसंग ब्रह्मनाळच्या बारा दिवस आधीचा. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पाण्यात अडकली. एक हजार पन्नास प्रवासी. दलाच्या बोटी आल्या, नौदल आलं, वर हेलिकॉप्टर फिरलं, आणि एकही माणूस न गमावता गाडी रिकामी झाली. पण बोटी येईपर्यंत जवळच्या गावातली माणसं पाण्यातून चालत जाऊन प्रवाशांना धीर देत होती. पुढे त्यांच्या चहापाण्याची सोयही गावकऱ्यांनीच केली.

लांबच्या गोष्टी झाल्या. १५ जून २०२५च्या रविवारची गोष्ट तर आपल्या दारातली. इंदोरीजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीच्या खडकाळ पात्रावर जुना लोखंडी पूल होता. पहिला पाऊस झालेला, नदी भरलेली, सुट्टीचा दिवस. पिंपरी-चिंचवडची, पुण्याची माणसं मुलाबाळांना घेऊन पाणी बघायला आली होती. पूल धोकादायक असल्याचा फलक होता. दुपारी गर्दीच्या भारानं पूल कोसळला. चार जण गेले, अनेक जखमी झाले. इथे मात्र ठाणं काही किलोमीटरवर होतं. दलाची पथकं तासाभराच्या अंतराचीही नव्हती. तरीही पहिल्यांदा पाण्यात उतरली ती आसपासची माणसं आणि मावळातल्या संस्थांचे कार्यकर्ते. कडे-कपारीत अडकलेल्यांना काढणारी लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ ही संस्था तुम्हाला माहीत असेल. तिच्यासारखी स्वयंसेवकांची फळी मावळात आहे, आणि मला वाटतं, लिनमथच्या मच्छीमारांशी खरं नातं सांगायचं तर ते यांचं आहे. पगार नाही, फोन वाजला की निघायचं.

लिनमथचं पुढे काय झालं तेही सांगतो. तिथलं होडीघर १९४४ साली बंद झालं. आणि आठ वर्षांनी, १५ ऑगस्ट १९५२च्या रात्री, समुद्रानं नव्हे तर गावामागच्या डोंगरातून आलेल्या लहानशा नदीनं लिनमथ उद्ध्वस्त केलं. चौतीस माणसं गेली. ज्या गावानं समुद्राला तोंड द्यायला होडी ठेवली, त्याला पाठीमागच्या ओढ्यानं गाठलं. इंग्लंडमधल्या त्या संस्थेनंही पुढे नद्यांवर ठाणी उघडली. लंडनमध्ये १९८९ साली टेम्स नदीत ‘मार्शनेस’ ही होडी बुडून एक्कावन्न जण गेले, त्यानंतर २००२ पासून टेम्सवर या संस्थेच्या बोटी असतात. देशातलं सर्वांत धावपळीचं ठाणं आता समुद्रावर नसून या नदीवर आहे.

आपल्या पवना, मुळा आणि इंद्रायणीच्या काठावर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत घरं पाण्याच्या किती जवळ आली हे पिंपरी-चिंचवडकरांना वेगळं सांगायला नको. धरणातून पाणी सोडलं की नदीकाठच्या वस्त्यांत भोंगा लावून गाडी फिरते, माणसं गाद्या आणि गॅसची टाकी घेऊन शाळेत जातात. महापालिकेच्या अग्निशमन दलाचे जवान रबरी बोट घेऊन गल्लीत उतरतात. ज्या गल्लीत आदल्या दिवशी भाजीची हातगाडी उभी होती, तिथे कमरेएवढं पाणी असतं.

जूनचा पहिला आठवडा आला की सुदुंबऱ्याच्या फाटकातून गाड्या बाहेर पडतात. मागे घडी केलेल्या होड्या, इंजिनं, दोर. त्यांना महाडला जायचं असो की कोल्हापूरला, सुरुवात आपल्याच तळेगाव-चाकण रस्त्यावरून होते, आणि हा रस्ता संध्याकाळी पाचनंतर कसा असतो ते आपण रोज अनुभवतो. पोरलॉकच्या म्हातारीनं भिंत पाडू दिली होती. आपल्याला गाडी चार हात बाजूला घ्यायची आहे.